साडेसहाची फ्रिक्वेन्सी

सकाळी साडेसहा ते सात या वेळात आमच्या घरात शिवणाचं मशीन चालवायचं नाही. मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, आणि जिन्यातली ट्यूबलाइट तर अजिबात पेटवायची नाही, कारण पेटताना ती तीनदा डोळे मिचकावते आणि तिचं प्रत्येक मिचकावणं माझ्या दिरांच्या कानात जातं. मी शाळांचे गणवेश शिवते. शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यात माझ्यापुढे तीनशे शर्टांचा ढीग असतो आणि मी मशीनपुढे हाताची घडी घालून अर्धा तास बसून असते. लग्न करून या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला हा नियम सांगितला गेला. दुसरं काही नाही हो. सासूबाई नव्हत्या, नणंद नव्हती, जाच म्हणावा तर एवढाच.

हा जाच करणारे आमचे भाऊजी. माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, पण वागणं पहिल्यापासून आजोबांचं. लग्न केलं नाही. तळमजल्यावर त्यांचं मोटार भरायचं दुकान आहे. जळालेले पंखे, पंप, मिक्सर येतात, भाऊजी आतली जळकी तार उपसतात आणि नवी तांब्याची तार भरतात. बाकीचे कारागीर अंदाजाने भरतात, हे वेढे मोजतात. मोजताना कुणी हाक मारली तर "चारशे बारा, चारशे तेरा" असं मोठ्यांदा सुरू करतात, म्हणजे समोरच्याने काय ते समजावं. एकदा मी चहा सांडून हात भाजून घेतला आणि ओरडले, तेव्हाही आधी "सहाशे आठ" ऐकू आलं आणि मग भाऊजी धावत आले. आले मात्र, खोटं कशाला बोला.

वरच्या खोलीत त्यांचा वायरलेस. हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्या या लोकांना हॅम म्हणतात. परीक्षा द्यायची, सरकारी लायसन घ्यायचं, मग प्रत्येकाला एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणायचं. ती सांगितल्याशिवाय बोलायचं नाही. कुणाशी बोललो, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, आवाज कसा आला, हे सगळं वहीत उतरवायचं. आवाजाला दोन आकड्यांत मार्क द्यायचे. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट, पाचपैकी. दुसरा आवाज किती दणदणीत, नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. भाऊजींचं लायसन खोलीच्या भिंतीवर काचेत लावलेलं आहे. आमच्या लग्नाचा फोटो कपाटावर आहे, तो पडून आहे.

घरातला एकेक आवाज त्यांनी शोधून काढून बंद केला. वर रेडिओत कुठे टिक झालं की भाऊजी खाली येऊन प्रत्येक बटण बंद-चालू करत फिरायचे. शेवटी फ्रीज पकडला गेला. त्याचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना टिक करायचा. भाऊजींनी अख्खा फ्रीज पुढे ओढला, थर्मोस्टॅट बदलला, त्याला कसला कसला बंदोबस्त केला, आणि मला बोलावून म्हणाले, "वहिनी, आता हा फ्रीज मेला तरी टिक करणार नाही." मेलाही नाही आणि टिकही केलं नाही, अजून चालू आहे.

तर हे सगळं कशासाठी? डोंगरापलीकडच्या गावातल्या एका मास्तरांसाठी. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे मास्तर. बावीस वर्षं रोज साडेसहाला हे दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचे. भेटले कधीच नव्हते. आमचे भाऊजी घरात महिन्याला जेवढं बोलतात, तेवढं त्या अर्ध्या तासात बोलायचे. आणि बोलणं काय, तर "तुमचा आवाज आज पाच-सात. ओव्हर." "तुमचा पाच-आठ. इकडे धुकं आहे. ओव्हर." "इकडे नाही. ओव्हर." मी खालून ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे. एकदा सेट बिघडला म्हणून भाऊजींनी मास्तरांना फोन केला. "ऐकू येतंय का?" "येतंय." संपलं. पुढे दोघांनाही काही सुचेना. फोनवर सगळंच ऐकू येतं, त्यात सांगण्यासारखं ते काय? पण सातला भाऊजी जिना उतरायचे तेव्हा त्यांचा चेहरा असा असायचा, की पहिलं गिऱ्हाईक कितीही डोकं खाणारं असो, त्याला हसून बोलायचे. दुपारपर्यंत पुरायचं ते हसू.

मार्कांच्या बाबतीत मात्र दयामाया नाही. बावीस वर्षांत त्यांनी मास्तरांना एकदाही पाच-नऊ दिलं नाही. "एवढे कडक मार्क मी माझ्या वर्गातसुद्धा दिले नाहीत हो," असं मास्तर म्हणायचे. भाऊजी म्हणायचे, "आला की देईन."

मग टँकर आले. गावाबाहेर इमारती उठायला लागल्या, त्यांना पाणी पुरवणाऱ्या टँकरवाल्यांनी बाजारातून स्वस्तातले हातात धरायचे वायरलेस सेट आणले. त्या सेटवर डबीतून निघताना जी फ्रिक्वेन्सी लावलेली होती तिच्यावरच ते बोलायला लागले, आणि ती नेमकी या दोघांची. साडेसहाला मास्तर सांगतायत, "काल रात्री झोप नीट लागली नाही, ओव्हर," आणि मध्येच कुणीतरी गरजतंय, "टकल्या, पाईप काढला का? अरे काढ ना लेका, वाहून चाललंय सगळं!" मास्तरांचा आवाज तसाही वयाने बारीक होत चालला होता. पाच-सातचा पाच-चार झाला होता. टँकर आले आणि तो तीन-दोनवर आला. वही बघताना भाऊजींचं तोंड उतरायचं. एके दिवशी अर्ध्या तासात मास्तरांचं एक वाक्यही धड लागलं नाही. भाऊजी खाली आले आणि पहिल्या गिऱ्हाइकावर खेकसले. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

"मग सांगा ना त्यांना, इथे बोलू नका म्हणून," मी म्हटलं.

"सांगता येत नाही."

"का? तोंड शिवलंय?"

"लायसन नसलेल्या माणसाशी वायरलेसवर बोलणं हा गुन्हा आहे, वहिनी. 'बोलू नका' म्हणणं हेही बोलणंच."

आता यावर माणसाने काय बोलावं! लायसन नसलेले बिनधास्त बोलतायत आणि लायसनवाला तोंडावर बोट ठेवून बसलाय. शेवटी मीच पिशवी उचलली आणि टँकर भरायच्या विहिरीवर गेले. भाऊजी आधी दोन दिवस हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना धरून, आवाज कुठून येतो ते शोधत गल्लीबोळांतून फिरले होते, मागे कुत्री, त्यांच्या मागे पोरं, आणि दोघीतिघींनी तर त्यांना आपला टीव्ही नीट करायला घरात बोलावलं. त्यांनी विहिरीची जागा कागदावर अक्षांश-रेखांशासकट काढून दिली होती. ती विहीर आमच्या किराणावाल्याच्या मागे आहे, हे मला आधीच माहीत होतं, पण मी बोलले नाही. एवढे फिरले होते बिचारे.

विहिरीवरचा मुकादम माणूस मोकळा होता. खुर्ची पुसून दिली. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे ते सकाळचे दोन आजोबा? ओव्हर-ओव्हर करणारे? अहो ताई, आम्ही रोज ऐकतो त्यांना! आमची पोरं पैज लावतात, आज मास्तरांना किती मिळणार. पाच-नऊ काही देत नाही हो तुमचा माणूस. फार चिकट."

"तुम्ही गप्प बसलात तर देतील कदाचित."

"आम्ही गप्प बसतो, पण व्हॉल्व्ह गप्प बसत नाही ना. पाणी सुटलं की ओरडावंच लागतं." मग तो जरा विचारात पडला. "लायसन लागतं होय याला? डबीवर तर काही लिहिलं नव्हतं."

आठवडाभर शांतता होती. मग पुन्हा टकल्या, पुन्हा पाईप. आमच्या भाऊजींनी काळी वही उघडली. निळ्या वह्या बोलण्याच्या, काळी वही गुन्ह्यांची. तारीख, वेळ, काय ऐकू आलं ते शब्दशः, शिव्यांसकट, सुवाच्य अक्षरात. एकदा तर कुणी नुसतं बटण दाबून सोडलं, आवाजही केला नाही, तर तेही लिहिलं: "कॉलसाइनविना एक टिक." त्या नोंदीची तक्रार दर पंधरा दिवसांनी वायरलेसच्या सरकारी ऑफिसात रजिस्टर पत्राने. खाली अर्जदार म्हणून स्वतःची सही, आणि साक्षीदार म्हणून मास्तरांचं नाव, कॉलसाइन, पत्ता. दोन लायसनवाल्यांना त्रास झाला असेल तरच चौकशी होते असा नियम होता म्हणे.

मास्तर नको म्हणत होते. मी माझ्या कानांनी ऐकलं. "जाऊ द्या हो, पोटापाण्याची माणसं आहेत. माझं नाव कशाला? ओव्हर." भाऊजी म्हणाले, "तुमच्यासारख्या सभ्य माणसांमुळेच हे सोकावतात. ओव्हर." मास्तर पुढे काही बोलले, पण नेमकं तेव्हाच कुणाचं तरी पाणी वाहून चाललं होतं. भाऊजी खाली येऊन मला म्हणाले, "मन फार मोठं आहे मास्तरांचं." मीही मान डोलावली. आम्ही दोघं किती शहाणे!

एकेचाळीस पत्रं गेली. बेचाळिसावं लिहायला बसले आणि दारात गाडी. टपावर अँटेना, आत ड्रायव्हर आणि एक साहेब. साहेबांच्या हातात फाईल, आणि फाइलीत भाऊजींची एकेचाळीस पत्रं नंबर घालून लावलेली. साहेब थकलेले होते. विहिरीवरून आले होते. टँकरवाल्यांचे अकरा सेट एका पोत्यात घालून, पोत्याला सील ठोकून गाडीत ठेवले होते. "तुमचं काम झालं," साहेब म्हणाले, "आता फक्त फाईल बंद करायची. साक्षीदाराचा तपशील तपासतो आणि निघतो."

भाऊजींना स्वर्ग दोन बोटं उरला होता. मी चहा टाकला. साहेबांनी लॅपटॉप उघडला, काहीतरी टाइप केलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा टाइप केलं.

"हे जे मास्तर आहेत, यांची कॉलसाइन बरोबर लिहिलीत का?"

"झोपेत विचारा, साहेब."

"ही रद्द झाली आहे. लायसनची मुदत संपली, नूतनीकरण नाही. अकरा वर्षं झाली."

"शक्यच नाही," भाऊजी म्हणाले. "बावीस वर्षं मी रोज बोलतोय त्यांच्याशी."

"हे मला सांगू नका," साहेब घाईने म्हणाले.

"अहो, पुरावा आहे!" आणि मी हात धरायच्या आत भाऊजी जिना चढून गेलेसुद्धा. उतरले ते छातीशी निळ्या वह्यांचा गठ्ठा धरून. चौदा वह्या. साहेबांच्या पुढ्यात ठेवल्या, वरची उघडून दाखवली. "हे बघा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मास्तरांची कॉलसाइन. एक नोंद चुकलेली नाही."

साहेबांनी वहीकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं. मी या वह्या पाहिल्या नाहीत असं समजू का?"

"का? नोंदी बरोबर आहेत."

"म्हणूनच."

चहा उतू गेला, तो मला आवाजावरून कळला, पण मी हलले नाही. भाऊजींच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं, मला दिसत होतं. लायसन नसलेल्या माणसाशी वायरलेसवर बोलणं हा गुन्हा. रोज एक, अकरा वर्षं. स्वतःच केलेला, स्वतःच लिहिलेला, आणि ज्याच्याबरोबर केला त्याचा नाव-पत्ता एकेचाळीस वेळा रजिस्टरने पाठवलेला.

साहेब वाईट माणूस नव्हते. "वह्या आत ठेवा," ते हळू आवाजात म्हणाले, "साक्षीदार सापडला नाही असं लिहितो मी."

माझा जीव भांड्यात पडला. मी वह्या उचलायला पुढे झाले. भाऊजींनी वहीवर हात ठेवला.

"त्या टँकरवाल्यांचे सेट पोत्यात घातलेत तुम्ही," ते म्हणाले. "त्यांना सुरुवातीला माहीतही नव्हतं. मास्तरांना तर माहीत असणार. नियम त्यांना वेगळा कसा?"

"भाऊजी!" मी म्हटलं. "कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"लिहा साहेब," भाऊजी म्हणाले. आवाज मात्र तीन-दोन होता.

खूप राग आला मला. सांगून टाकते, त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं ते ताट आपटूनच. हा अर्धा तास सोडला तर या माणसाच्या आयुष्यात वेढे मोजण्याशिवाय काय होतं? आणि तो अर्धा तास यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात सरकारला देऊन टाकला. साहेबांनी जमेल तेवढं सौम्य केलं. भाऊजींना लेखी ताकीद. मास्तरांचा सेट उचलून नेणार नाही, पण त्यांनी यापुढे बोलणार नाही अशी हमी लिहून द्यायची, आणि ती भाऊजींनी आणायची. जाता जाता साहेब दारात थांबले. "ऐकायला लायसन लागत नाही," म्हणाले. "ऐकू द्या त्यांना."

हे सांगायला वायरलेसवर तर बोलता येणार नव्हतं. फोनवर दोघांना सुचलं नसतं. म्हणून आम्ही बसने गेलो, मला बरोबर घेतलं. तीन तासांच्या प्रवासात भाऊजी दोनच वाक्यं बोलले. एक कंडक्टरला आणि दुसरं मला: "ते उंच असतील."

मास्तर माझ्या खांद्याला लागत होते. दार उघडून जाड भिंगांतून आमच्याकडे बघत राहिले. भाऊजींनी नाव नाही सांगितलं, कॉलसाइन सांगितली. मास्तरांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "तुम्ही जाड असाल असं वाटलं होतं."

एका खोलीचं घर. शाळेतून मोडीत काढलेल्या बाकावर सेट, शेजारी पाण्याचा तांब्या, भिंतीवर मास्तरांच्या बायकोचा फोटो. समोरासमोर खुर्च्या टाकून दोघं बसले आणि फोनसारखंच झालं. कुणालाच काही सुचेना. मग मास्तर उठले आणि सवयीने बाकाशी, सेटकडे तोंड करून बसले. भाऊजींनी आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. दोघांची तोंडं बंद सेटकडे, पाठी माझ्याकडे. आणि सुरू झालं. मी मागे स्टुलावर, वर्गात उशिरा आल्यासारखी.

"हिची तब्येत बिघडली त्या वर्षी मुदत संपली," मास्तर म्हणाले. त्यांनी शब्दकोश उघडून मधला एक घडी घातलेला कागद काढला. नूतनीकरणाचा अर्ज, पूर्ण भरलेला, सहीसकट. "टाकायचा राहिला. मग ती गेली. मग भानावर आलो तेव्हा वेळ निघून गेली होती. पुन्हा परीक्षा द्या म्हणाले, कम्प्युटरवर. मला पडद्यावरचं दिसत नाही."

"मला सांगायचं होतं."

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलं असतं."

खोटं बोलता येत नाही हा भाऊजींचा जुना आजार. केलंच असतं बंद, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

मास्तरांनी हमी लिहायला घेतली. समास सोडून, डोळे कागदाला टेकवून, एकेक अक्षर लावत. भाऊजींनी ती वाचली. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचली. "या सेटवरून मी यापुढे एकही शब्द बोलणार नाही." भाऊजींचं बोट 'शब्द'वर येऊन थांबलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मला वाटलं, झालं, काढली चूक, आता म्हाताऱ्याला पुन्हा सगळं लिहायला लावणार. पण त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"माझ्यामुळे," भाऊजी दारात म्हणाले. पुढे शब्द फुटेना.

"नाही हो," मास्तर म्हणाले. "तुम्ही होता म्हणून अकरा वर्षं." त्यांच्याही पुढे फुटेना. मी दोघांच्या वतीने रडून घेतलं आणि बस गाठली.

त्यानंतर फ्रिक्वेन्सी स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ की विचारता सोय नाही. टँकरवाल्यांनी रीतसर अर्ज केला, महिन्याच्या आत त्यांना स्वतःची वेगळी फ्रिक्वेन्सी आणि शिक्क्याचं लायसन मिळालं. मुकादमाने ते विहिरीवर काचेत लावलंय, भाऊजींच्यासारखंच. टकल्या आता सरकारमान्य ओरडतो. मुकादम भेटला की म्हणतो, "ताई, सकाळी करमत नाही हो. आजोबा गेले का?" एकेचाळीस पत्रांचं एवढं फळ निघालं की सगळ्यांना लायसन मिळालं, फक्त बोलायला कुणी उरलं नाही.

भाऊजी वर जायचे बंद झाले. साडेसहाला दुकान उघडून वेढे मोजत बसायचे. मी मशीन चालवू लागले. शर्ट भराभर व्हायचे. आणि मला त्या मशीनचा आवाज नकोसा झाला. दहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी पाय पॅडलवरून काढला आणि दुकानात गेले.

"भाऊजी, ऐकायला लायसन लागत नाही म्हणाले ना साहेब?"

"तीनशे एक, तीनशे दोन..."

"ठेवा ते तीनशे दोन! तो म्हातारा रोज साडेसहाला सेट लावून बसत असेल. दहा दिवस झाले. तुमच्याकडे लायसन आहे ना? मग बोला की!"

"एकतर्फी बोलता येत नाही. मी काय रेडिओ स्टेशन आहे बातम्या द्यायला?"

"मग काय करता येतं तुमच्या नियमात?"

त्यांनी तार खाली ठेवली. किती वेढे झाले ते विसरले, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. "सीक्यू करता येतं," ते म्हणाले. सीक्यू म्हणजे सगळ्यांना हाक. कुणीही ऐकत असाल तर उत्तर द्या. "रोज करता येतं."

"मग करा ना! मुहूर्त बघताय का?"

ते वर गेले. मी चहा घेऊन मागोमाग, आणि दारातच थांबले. सेट तापला. सहा वाजून चौतीस मिनिटांनी भाऊजींनी माईक धरला. "सीक्यू, सीक्यू, सीक्यू," आणि स्वतःची कॉलसाइन, तीनदा, सावकाश, वर्गात शुद्धलेखन घालतात तशी. बटण सोडलं. नुसती खरखर. कुणीच नाही. मी म्हटलं, उगाच चढवलं यांना वर, आता आणखी वाईट वाटणार.

आणि त्या खरखरीत आवाज आला. टिक. जरा थांबून, टिक.

भाऊजींच्या हातातला माईक तसाच राहिला. याच माणसाने एका टिकसाठी काळ्या वहीत गुन्हा नोंदवला होता.

"काय होतं हो ते?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

त्यांनी माईक हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "फ्रीज."

"आपला?"

"थर्मोस्टॅट."

त्यांनी काळ्या वहीकडे हात नेला नाही. निळी वही ओढली, टोपण काढलं. तारीख घातली. वेळ, सहा चौतीस. फ्रिक्वेन्सी. कॉलसाइनच्या रकान्यात त्यांच्या त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फ्रीज'. पुढचा रकाना मार्कांचा. तो रिकामा ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. पेन क्षणभर थांबलं, आणि बावीस वर्षांत जे त्यांनी कुणाला दिलं नव्हतं ते त्यांनी लिहिलं. पाच-नऊ.

मी खाली आले, मशीनचा प्लग काढला, आणि सात वाजेपर्यंत हाताची घडी घालून बसले.